‘व’ की ‘वा’

ठराव वाचायचा तो क्रियापदांवर आणि अव्ययांवर कान ठेवून. इराकविषयीचा सुरक्षा परिषदेचा १४४१ क्रमांकाचा ठराव मी अधूनमधून पुन्हा काढून बसतो, तो याच सुखासाठी. १२ सप्टेंबर २००२ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष बुश इराकबद्दल संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत बोलले आणि ८ नोव्हेंबरला ठराव १५ विरुद्ध ० मतांनी संमत झाला. सीरियाचा हातही वर. मधले आठ आठवडे वॉशिंग्टन आणि पॅरिस, दोघे जुने दोस्त, शब्द घासत बसले होते.

पहिलं कलम अमेरिकेच्या सुरात आहे: इराकने निःशस्त्रीकरणाच्या अटींचा गंभीर भंग केला आहे, आजही करतो आहे. दुसरं म्हणतं, पहिल्याची दखल घेऊनही ‘अखेरची संधी’ देत आहोत. आरोप शाबीत, शिक्षा तूर्त तहकूब. आणि या ‘घेऊनही’तला सांधा इतका बेमालूम, की बोट फिरवलं तरी लागत नाही.

खरी मेजवानी चौथ्या कलमात. इराकने शस्त्रांच्या जाहीरनाम्यात खोटं लिहिलं वा काही गाळलं, ‘आणि’ सहकार्यात कसूर केली, तर तो नवा गंभीर भंग. अमेरिकेला या ‘आणि’च्या जागी ‘किंवा’ हवा होता. तसं झालं असतं तर कागदावरची एखादी त्रुटीही युद्धाला पुरली असती. फ्रान्सला दोन्ही कसुरा एकत्र हव्या होत्या. दोघांचे परराष्ट्रमंत्री, कॉलिन पॉवेल आणि दोमिनिक द व्हिलपँ, या एका शब्दावर अडून राहिले, अखेर ‘आणि’ टिकला. मराठीत तर हा फरक नुसत्या कान्याचा, ‘व’ आणि ‘वा’! ‘ध’चा ‘मा’ झाल्याची कथा ऐकत वाढलेल्यांना त्याचं मोल वेगळं सांगायला नको. मात्र ती खाडाखोड चोरीची होती. इथे दोघे समोरासमोर, एकमेकांच्या लेखणीवर डोळा ठेवून.

तेराव्या कलमातली नजाकत सहज निसटते. ‘गंभीर परिणाम’ हा शब्द सगळ्यांना आठवतो, पण १९९० च्या ६७८ व्या ठरावातले, बळाच्या वापराला मुभा देणारे ‘सर्व आवश्यक मार्ग’ इथे नाहीत, हे थोड्यांच्याच ध्यानात येतं. शिवाय परिषद इथे नवी धमकी देतच नाही, जुन्या इशाऱ्यांचं नुसतं ‘स्मरण’ करते. तलवार म्यानासकट दाखवावी तशी.

पण मला सर्वांत लोभस वाटतं ते बारावं कलम. इराकच्या कसुरीचा अहवाल येताच परिषद तातडीने बसेल, कशासाठी? परिस्थितीचा ‘विचार’ करायला. फ्रान्सने यात वाचलं, आमच्याकडे परत यावंच लागेल; अमेरिकेने वाचलं, या, बसू, पण परवानगीचं नाव नको. दोन्ही वाचनं व्याकरणात चोख बसतात. ७ मार्च २००३ रोजी ब्रिटनचे ॲटर्नी जनरल लॉर्ड गोल्डस्मिथ युद्धाच्या कायदेशीरपणावर आपला सल्ला लिहायला बसले, तेव्हा तेही याच शब्दापाशी घुटमळले: इथे ‘विचार’ आहे, ‘निर्णय’ नाही.