भिंतीवरचे पत्र आणि टपालातले पत्र

अब्राहम लिंकनने आपल्या मुलाच्या हेडमास्तरांना लिहिलेले म्हणून जे पत्र प्रसिद्ध आहे, ते कधीच नजरेखालून गेले नाही असा मराठी पालक विरळाच. कविवर्य वसंत बापट यांनी त्याला मराठी रूप दिले आणि ते इतके प्रासादिक उतरले की शाळांच्या कार्यालयांतून ते घरोघरच्या भिंतींवर जाऊन बसले. स्नेहसंमेलनात ते म्हटले जाते, दहावीच्या निरोप समारंभात प्रमुख पाहुणे त्याचा आधार घेतात. आमच्या वसईच्या घरीही दिवाणखान्यात त्याची तसबीर आहे. मात्र एवढ्या लोकप्रिय मजकुराकडे समीक्षेच्या नजरेने सहसा कोणी पाहत नाही. जे भिंतीवर चढते ते वाचनातून उतरते, असाच बहुधा अनुभव आहे.

हे पत्र लिंकनचे असल्याचा कोणताही पुरावा नाही, ही गोष्ट आता नवी राहिलेली नाही. रॉय बेस्लर यांनी संपादित केलेल्या, 1953 साली प्रसिद्ध झालेल्या लिंकनच्या समग्र लेखनसंग्रहात ते नाही. पण तेवढ्यावरून त्याला निकालात काढणे मला मान्य नाही. कर्ता अज्ञात असला तरी साहित्यकृती आपल्या गुणावर उभी राहू शकते. तेव्हा प्रश्न गुणांचाच विचारू.

या पत्राची घडण पाहिली तर ते आज्ञार्थी क्रियापदांवर उभे आहे. याला हे शिकवा, ते शिकवा. हार सोसायला शिकवा, फसवून मिळवलेल्या यशापेक्षा सरळ आलेले अपयश पत्करायला शिकवा, पुस्तकांची गोडी लावा आणि पाखरे पाहायला सवडही ठेवा. मागण्या उदात्त आहेत आणि बापटांच्या शब्दकळेत त्या गोडही वाटतात. परंतु साऱ्या मागण्या गुरुजींकडे आहेत. बाप स्वतः काय करणार, यावर एक अक्षर नाही. आणि ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप, तो मुलगा पत्रात केवळ तृतीयपुरुषी आहे. त्याला काय आवडते, त्याला कशाची भीती वाटते, हे वाचकाला शेवटपर्यंत कळत नाही. शाळेच्या पहिल्या पायरीवर उभ्या असलेल्या बालकाविषयी असे लिहिणे एक वेळ शोभते. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर तीच तसबीर टांगली की तिचा सूर बदलतो.

हे मला माझ्या मुलाने शिकवले. नववीत सहामाही परीक्षेत बीजगणितात त्याला चाळीसपैकी अकरा गुण पडले. प्रगतिपुस्तकावर सही करण्यापूर्वी मी रीतसर संतापलो, शेजारच्या मुलाचा दाखला दिला आणि शेवटी भिंतीकडे बोट करून म्हणालो, "ते वाच जरा." तो शांतपणे म्हणाला, "पप्पा, ते सरांना लिहिलंय. मला नाही." त्यानंतर आठ-दहा दिवस आमच्यात जेवायला चल आणि दिवा बंद कर यापलीकडे संभाषण झाले नाही. साहित्याच्या अभ्यासकाला एखाद्या मजकुराचा संबोध्य कोण, हे नववीतल्या पोराने दाखवून द्यावे, याची लाज मला त्या अकरा गुणांपेक्षा अधिक वाटली.

त्या दिवसांत बेस्लर यांच्याच संग्रहातील एक खरे पत्र माझ्या वाचनात आले. ते 22 जुलै 1860 रोजी स्प्रिंगफील्डहून लिहिलेले आहे. त्याची पार्श्वभूमी अशी. लिंकनचा थोरला मुलगा रॉबर्ट 1859 साली हार्वर्डच्या प्रवेशपरीक्षेला बसला आणि सोळांपैकी पंधरा विषयांत नापास झाला, असे त्याच्या चरित्रात सांगितले जाते. त्याला तयारीसाठी वर्षभर एक्सेटरच्या शाळेत ठेवण्यात आले. 1860 च्या फेब्रुवारीत लिंकनचे न्यूयॉर्कमधील कूपर युनियनचे गाजलेले भाषण झाले; त्यानंतर तो मुलाला भेटायला एक्सेटरलाही जाऊन आला. पुढल्या खेपेस रॉबर्ट उत्तीर्ण झाला. पण त्याच्याबरोबर शिकणारा त्याचा गावचा मित्र जॉर्ज लॅथम नापास झाला. लिंकन तेव्हा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार होता, निवडणूक चार महिन्यांवर आलेली होती. आणि तो बसला होता या पोराला पत्र लिहीत.

पत्र छोटे आहे, पण त्याची रचना अभ्यासण्यासारखी आहे. पहिल्याच वाक्यात लिंकन स्वतःच्या दुःखाविषयी बोलतो: तुझ्या अपयशाची बातमी ऐकून मला आयुष्यात क्वचितच झाला असेल असा क्लेश झाला. दोष देणे नाही, कारणे विचारणे नाही. मग तो म्हणतो की निराशेला मनात घर करू दिले नाहीस तर यात फारसे काही बिघडलेले नाही. त्यानंतर एक अगदी व्यवहारी सूचना येते. विद्यापीठाचा प्रमुख माणूस दयाळूच असणार. त्याची भेट घे, अडचण कशी दूर होईल ते तो सांगेल. मला ही सूचना सर्वांत मोलाची वाटते. धीर देणारे पुष्कळ असतात, पण उद्या सकाळी उठून कोणाच्या दारी जायचे हे सांगणारा विरळा. आणि शेवटी सही करताना इतका थोर मनुष्य त्या पोराचा मित्र म्हणवून घेतो. भिंतीवरच्या पत्रात मुलगा ज्या जागी कोठेच नाही, त्या जागी इथे तो समोर बसलेला आहे.

या पत्रातही एक उणीव आहे, आणि तीही मला मुलानेच दाखवली. मी ते त्याला वाचून दाखवले. त्याने विचारले, "मग तो पास झाला का?" मला सांगावे लागले की नाही, हार्वर्डने जॉर्जला घेतले नाही, तो येलला गेला. "मग नक्की पास होशील असं लिंकन कशाच्या जोरावर म्हणाला?" लिंकनने खरोखरच तसे लिहिले आहे: एकदा प्रयत्न आरंभलास म्हणजे यश मिळवलेच पाहिजे, आणि निर्धार केलास तर अपयश येणारच नाही. स्वतः जेमतेम वर्षभर शाळेत गेलेल्या, बाकी सारे जिद्दीने मिळवलेल्या माणसाचा हा विश्वास आहे. पण जिद्द ही प्रवेशाची हमी नव्हे. पत्रातला हा 'पाहिजेच' मला खटकतो. आमच्या घरांतून तोच शब्द 'नव्वद टक्के पाहिजेतच' होऊन वावरतो.

आणखी एक गोष्ट अस्वस्थ करते. रॉबर्टने वडिलांच्या मृत्यूनंतर लिहून ठेवले आहे की त्याच्या बालपणी वडील बहुतेक काळ फिरतीच्या कोर्टांमागे बाहेरगावी असत. त्या काळची ठळक आठवण म्हणजे घोड्यावरच्या पिशव्या भरणारे वडील. पुढे ते राष्ट्राध्यक्ष झाल्यावर त्यांच्याशी निवांत दहा मिनिटे बोलणेही दुर्मीळ झाले. दुसऱ्याच्या मुलाला असे पत्र लिहिणाऱ्या माणसाची ही घरची बाजू. शेजाऱ्याच्या नापास मुलाशी आपण सारेच शहाण्यासारखे बोलतो. त्याच्या गुणांत आपली अब्रू गुंतलेली नसते. स्वतःच्या मुलासमोर मात्र बापाचा क्लेश तोंडावाटे संताप होऊनच बाहेर पडतो.

तसबीर मी उतरवलेली नाही. बापटांचे मराठी त्यासाठी फार सुंदर आहे. पण त्या संध्याकाळी मी मुलाला म्हणालो, "तुझी उत्तरपत्रिका मी अजून पाहिलीच नाही." त्याने दप्तरातून काढून ती माझ्यासमोर ठेवली. पदावल्यांची रीत त्याला बऱ्यापैकी येत होती. सहा गुण केवळ कंस सोडवताना वजा चिन्ह विसरल्यामुळे गेले होते, आणि शेवटचे दोन प्रश्न त्याने हातच लावले नव्हते. का लावले नाहीत, असे विचारल्यावर तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "वेळ होता. पण येणारच नाही असं वाटलं."