स्मारक कोणाची साक्ष देतं?

या मालिकेत आजवर आपण पुस्तकांवर बोललो, आज दगडांवर बोलायचं आहे. आपल्यापैकी पुष्कळांची मुलं-नातवंडं अमेरिकेत आहेत, त्यामुळे वॉशिंग्टन, माउंट रशमोर, यलोस्टोन ही नावं आता पुण्या-ठाण्यात कुणाला नवीन नाहीत. आपण जातो, फोटो काढतो, परत येतो. फोटो जरूर काढावेत. पण नाटकाची, कादंबरीची समीक्षा करतो तशी स्मारकाचीही करता येते. प्रश्न आहे तो निकषाचा.

अडचण शब्दापासूनच सुरू होते. स्मारक म्हणजे स्मरण करून देणारं. आता आपले नैयायिक स्मृतीबद्दल काय म्हणतात बघा. पूर्वी अनुभव आला, त्याचा संस्कार मनावर राहिला, त्या संस्कारातून पुढे स्मृती होते. ज्याला अनुभवच नाही, त्याला स्मृती कुठून येणार? मग लिंकनला ज्यानं कधी पाहिलं नाही, अशा माणसाला लिंकनचं स्मारक आठवण कशाची करून देतं?

माझं म्हणणं असं, की ते आठवण करून देतच नाही. ते आपल्याला काहीतरी सांगतं. म्हणजे ती साक्ष आहे, आणि न्यायाच्या भाषेत तिची जागा शब्दप्रमाणात आहे. शब्द प्रमाण केव्हा मानायचा? बोलणारा आप्त असेल तेव्हा. आप्त म्हणजे वस्तू जशी आहे तशी जाणणारा आणि तशीच सांगणारा. म्हणून स्मारकासमोर दोन प्रश्न विचारायचे. बोलणारा कोण? आणि त्याला जे माहीत होतं, ते त्यानं सांगितलं का? तिसरा प्रश्न मी माझ्या पदरचा घालतो: साक्ष अपुरी निघाली तर ती दुरुस्त करायला जागा आहे का?

पहिलं उदाहरण माउंट रशमोर. साउथ डकोटा राज्यातल्या ब्लॅक हिल्समध्ये गट्झन बोरग्लम या शिल्पकारानं 1927 ते 1941 या काळात चार राष्ट्राध्यक्षांचे चेहरे कोरले: वॉशिंग्टन, जेफरसन, थिओडोर रूझवेल्ट आणि लिंकन. एकेक चेहरा सुमारे 60 फूट उंच. बहुतेक दगड सुरुंगानं उडवला. कारागिरी म्हणून काम थोर आहे, त्यात वादच नाही.

पण डोंगर कोणाचा? लाकोटा लोकांना हे डोंगर पवित्र. 1868 च्या फोर्ट लॅरामी तहात अमेरिकेच्या सरकारनं हा प्रदेश त्यांचा म्हणून मान्य केला होता. 1874 मध्ये तिथे सोनं सापडलं आणि 1877 मध्ये काँग्रेसनं कायदा करून तो काढून घेतला. हा काही केवळ आदिवासींचा आरोप नाही. 1980 मध्ये खुद्द अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की जमीन घेतली आणि योग्य मोबदला दिला नाही. व्याज धरून दहा कोटी डॉलरहून जास्त रक्कम ठरली. सू जमातींनी ती नाकारली. पैसे घेतले तर डोंगर विकल्यासारखं होईल, आम्हाला डोंगर हवेत, ही त्यांची भूमिका. ती रक्कम सरकारी खात्यात पडून आहे आणि व्याजासह शंभर कोटी डॉलरच्या पुढे गेली आहे. गरिबीत राहणारी माणसं एवढ्या पैशाला नाही म्हणतात, ही माझ्या मते त्या चार चेहऱ्यांइतकीच मोठी साक्ष आहे. फक्त ती डोंगरावर कोरलेली नाही.

कुणी म्हणेल, सर, कलाकृतीला जमिनीचा सातबारा का विचारता? चित्राला मी विचारणार नाही. चित्र भिंतीवरून काढून दुसरीकडे लावता येतं. पण इथे डोंगर हेच माध्यम आहे, आणि राष्ट्राची उभारणी हा विषय आहे. राष्ट्र कसं उभं राहिलं हे सांगायचं, तेही घेतलेल्या डोंगरावर, आणि घेतल्याचं मात्र सांगायचं नाही. साक्षीदारानं नेमकी तीच गोष्ट गाळली तर त्याला आप्त कसं म्हणायचं?

दुसरं उदाहरण यलोस्टोन. 1 मार्च 1872 ला राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी सही केली आणि जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं. तुम्ही म्हणाल, उद्यान हे स्मारक कसं? तर तेही सांगतंच काहीतरी. ते सांगतं, की इथे माणसाचा हात लागलेला नाही. आणि इथेच गोम आहे. त्या प्रदेशात माणसाचा वावर अकरा हजार वर्षांहून जुना आहे. तिथल्या ऑब्सिडियनची, म्हणजे ज्वालामुखीतून निघणाऱ्या काळ्या काचेची, हत्यारं दूर ओहायोपर्यंत सापडली आहेत. तुकुडिका या शोशोनी गटाची तिथे वस्ती होती. उद्यान झाल्यावर त्यांना हलवलं गेलं. वर सुरुवातीच्या काळात असंही पसरवलं गेलं, की आदिवासी गरम पाण्याच्या कारंज्यांना भितात, म्हणून ते इकडे फिरकतच नाहीत. म्हणजे आधी माणसं काढायची, मग ती नव्हतीच म्हणायचं.

यलोस्टोन राखलं हे चांगलंच झालं. नाहीतर तिथे काय उरलं असतं, सांगता येत नाही. पण राखण्यासाठी रिकामं करावंच लागतं, ही कल्पना तिथून जगभर गेली. जंगल म्हणजे माणूस नसलेली जागा, असं आपणही सहज बोलून जातो. ते निसर्गाचं वर्णन आहे की कुणाला तरी उठवल्याचा परिणाम, हे तपासून घ्यावं.

आता तिसरं उदाहरण, व्हिएतनाम युद्धाची भिंत. 1981 च्या स्पर्धेत 1,421 आराखडे आले आणि निवड झाली माया लिन या 21 वर्षांच्या विद्यार्थिनीची. पुढच्याच वर्षी भिंत उभी राहिली. उभी म्हणजे काय, जमिनीत उतरलेली. काळा ग्रॅनाइट, आणि तो गेला आपल्या बंगळूरकडून. त्यावर 58,000 हून जास्त नावं, मृत्यूच्या तारखेच्या क्रमानं. हुद्दा नाही. दगड इतका गुळगुळीत, की नावं वाचताना वाचणाराचा चेहरा त्यात दिसतो. तेव्हा पुष्कळांना राग आला, काळ्या रंगाला लाजेचं चिन्ह म्हटलं गेलं, आणि 1984 मध्ये जवळ तीन सैनिकांचा पुतळा बसवावा लागला.

माझ्या मते ही साक्ष जास्त प्रामाणिक आहे, कारण ती माहीत आहे तेवढंच सांगते: ही माणसं गेली. युद्ध न्याय्य होतं की नव्हतं, हे ती तुमच्यावर सोडते. उशिरा नोंद झालेली नावं नंतर तिच्यात वाढवलीही गेली. पण दुसरा प्रश्न इथेही सोडायचा नाही. त्या युद्धात मेलेले लाखो व्हिएतनामी या भिंतीवर नाहीत. अमेरिकनांनी आपल्या मृतांसाठी बांधलेली भिंत आहे, हे खरं. पण तिला युद्धाचं स्मारक म्हणायचं असेल, तर अर्धीच साक्ष झाली.

तिसऱ्या प्रश्नाचं सर्वांत चांगलं उत्तर मला लिंकन स्मारकात मिळतं. 30 मे 1922 ला त्याचं उद्घाटन झालं, तेव्हा कृष्णवर्णीय पाहुण्यांना वेगळं बसवलं होतं. लिंकनच्या पायाशी! म्हणजे दगड एक सांगत होता आणि खुर्च्या दुसरं. मग 1939 मध्ये मॅरियन अँडरसन या गायिकेला, ती कृष्णवर्णीय म्हणून, शहरातलं मोठं सभागृह नाकारलं गेलं, आणि ती या पायऱ्यांवर उभी राहून हजारो लोकांसमोर गायली. 1963 मध्ये मार्टिन ल्यूथर किंग इथूनच बोलले. ते उभे होते त्या जागी 2003 मध्ये दगडात अक्षरं कोरली गेली. मूर्ती तीच राहिली, पण साक्ष दुरुस्त झाली, आणि ती दुरुस्त केली ज्यांना बाजूला बसवलं होतं त्यांच्या लोकांनी.

म्हणून स्मारक पाडावं की ठेवावं, एवढ्यावर चर्चा संपवू नये. रशमोर कुणी पाडणार नाही. पण त्याच्यासमोर लाकोटांना आपली साक्ष तितक्याच मोठ्या आवाजात देता येते का, हे विचारता येतं. आज तरी तशी देता येत नाही, असं मला वाटतं. जोवर ती देता येत नाही, तोवर त्या दगडाचं म्हणणं एका बाजूचं म्हणूनच ऐकावं.

पुढच्या वेळी तिकडे जाल तेव्हा फोटोच्या आधी हे तीन प्रश्न विचारून बघा. इथल्या चौकातल्या पुतळ्यालाही ते लागू पडतात. तुमचे प्रश्न आता घेऊ या.