‘नाही’ म्हणणारा सरकारी वकील : ‘फिली डी.ए.’ पाहताना

फेब्रुवारी २०१८. फिलाडेल्फिया शहरातल्या सरकारी वकिलांच्या हातात नव्या साहेबांचं एक टिपण पडलं. कुणाजवळ गांजा सापडला तर खटला भरू नका, वजन कितीही असो. देहविक्रय करणाऱ्या बाईला त्यासाठी आधी तीनदा शिक्षा झालेली नसेल, तर तिच्यावर खटला भरू नका. दुकानातली पाचशे डॉलरच्या आतली चोरी किरकोळ गुन्हा म्हणूनच नोंदवा. अट्टल चोर असेल तर गोष्ट वेगळी. आणि कोर्टात शिक्षा मागाल, तेव्हा ती करदात्याला केवढ्याला पडणार तेही न्यायाधीशांना सांगा. एक माणूस एक वर्ष तुरुंगात ठेवायचा, तर निदान ४२ हजार डॉलर.

यातला एकही कायदा रद्द झाला नव्हता. पेनसिल्व्हेनिया राज्याच्या पुस्तकात तो जिथे होता तिथेच होता. फक्त तो राबवणं ही ज्याची नोकरी, तोच म्हणत होता, मी नाही राबवणार.

टिपण लिहिणारा माणूस म्हणजे लॅरी क्रास्नर. तीस वर्षं आरोपींच्या बाजूने उभा राहिलेला, पोलिसांवर पाऊणशे वेळा दावे ठोकलेला हा वकील नोव्हेंबर २०१७मध्ये फिलाडेल्फियाचा डिस्ट्रिक्ट अ‍ॅटर्नी, म्हणजे शहराचा मुख्य सरकारी वकील म्हणून निवडून आला. त्याच्या पहिल्या काही वर्षांवरची ‘फिली डी.ए.’ ही आठ भागांची माहितीपट-मालिका टेड पॅसन, योनी ब्रूक आणि निकोल सालाझार यांनी केली. २०२१च्या एप्रिलमध्ये ती अमेरिकेतल्या पीबीएस वाहिनीवर आली. मालिका चांगली आहे. सापडली तर जरूर पाहा. पण ती आपल्याला एका प्रश्नाच्या उंबरठ्यावर नेऊन सोडते आणि आत जात नाही. लोकांनी निवडून दिलेला सरकारी वकील लोकांच्याच प्रतिनिधींनी केलेला कायदा बाजूला ठेवू शकतो का?

निवडून आलेला म्हणजे काय?

आपल्याला मुळात ‘निवडून आलेला सरकारी वकील’ हे शब्दच चमत्कारिक वाटतात. आपल्याकडे सरकारी वकील सरकार नेमतं. भरलेला खटला मागे घ्यायचा असेल, तर सरकारी वकिलाला कोर्टाची संमती लागते. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं ते कलम ३२१, नव्या संहितेतलं ३६०. ‘आंदोलकांवरचे गुन्हे मागे घेणार’ ही बातमी आपण दर निवडणुकीच्या मागेपुढे वाचतो, तिचा रस्ता या कलमातून जातो. आमदार-खासदारांवरचे खटले उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागे घेऊ नयेत, असं सर्वोच्च न्यायालयाला २०२१मध्ये सांगावं लागलं, ते का, हे वेगळं सांगायला नको.

अमेरिकेत अलास्का, कनेक्टिकट, न्यू जर्सी अशी थोडी राज्यं सोडली, तर स्थानिक मुख्य सरकारी वकिलाला लोक मत देऊन निवडतात. त्याची पत्रकं निघतात, वादसभा होतात. आणि त्याच्या हातात न्यायाधीशापेक्षाही जास्त सत्ता असते, असं म्हटलं तर फार चुकणार नाही. कोणावर खटला भरायचा, कोणतं कलम लावायचं, जामिनाची रक्कम किती मागायची, हे तो ठरवतो. तिथे शिक्षा झालेल्या दहापैकी नऊहून अधिक प्रकरणांत खटला चालतच नाही; आरोपी गुन्हा कबूल करून तडजोड करतो. म्हणजे निकाल कोर्टात लागण्याआधी बऱ्याचदा सरकारी वकिलाच्या टेबलावर लागलेला असतो.

‘फिली डी.ए.’चं खरं यश हे टेबल दाखवण्यात आहे. कोर्टातली भाषणं, पुराव्याचा स्फोट, शेवटच्या क्षणी फुटलेला साक्षीदार, असलं काही इथे फारसं नाही. इथे बैठका आहेत. पहिल्याच आठवड्यात नोकरीवरून काढलेले ३१ जण आहेत. मागे राहिलेले, जुन्या वळणाचे, ‘हा माणूस आम्हाला आमचं काम शिकवणार?’ अशा चेहऱ्याने बसलेले वकील आहेत. आणि नुकतेच भरती झालेले, जग बदलायला निघालेले तरुण आहेत. तुम्ही एखाद्या कचेरीत नोकरी केली असेल, तर हे चेहरे तुम्हाला ओळखीचे वाटतील. कागदाच्या एका ओळीने कुणाचा तरी मुलगा आज रात्री घरी झोपणार की कोठडीत हे ठरतं, ही गोष्ट मालिका आवाज न चढवता सांगते.

त्या शहराला बदल का हवा होता तेही कळतं. फिलाडेल्फियात हजारो लोक वर्षानुवर्षं प्रोबेशनवर अडकलेले होते. तारीख चुकली, परवानगीशिवाय शहराबाहेर गेला, की परत आत. रॅप ऐकणाऱ्यांना मीक मिल आठवेल. किशोरवयात झालेल्या अटकेचं शेपूट त्याच्यामागे दहा वर्षं राहिलं. क्रास्नर निवडून आला त्याच महिन्यात प्रोबेशनच्या अटी मोडल्या म्हणून त्याला दोन ते चार वर्षांची शिक्षा झाली. तो गाजलेला गायक होता म्हणून जगाला कळलं. बाकीच्यांचं कोणाला कळणार?

गुपचूप नकार आणि जाहीर नकार

क्रास्नरच्या विरोधकांचं म्हणणं सरळ आहे. कायदा आवडत नसेल तर आमदार हो, विधिमंडळात जा आणि बदल. सरकारी वकिलाने शपथ घेतलीय ती कायदा राबवायची.

ऐकायला हे बिनतोड वाटतं. पण जगातला कोणताही सरकारी वकील सगळे कायदे राबवत नाही. राबवूच शकत नाही. माणसं कमी, वेळ कमी, फायली ढीगभर. रोज कुठल्या ना कुठल्या फाईलला ‘जाऊ दे’ म्हटलं जातं. प्रश्न एवढाच की ते कोणाच्या बाबतीत म्हटलं जातं. कॉलेजच्या होस्टेलवर गांजा ओढणारा सुटतो आणि गरीब वस्तीतल्या नाक्यावर ओढणारा सापडतो, तेव्हाही कायद्याला नकारच दिलेला असतो. तो लिहिलेला नसतो, इतकंच.

म्हणून क्रास्नरच्या टिपणाकडे मी वेगळ्या नजरेने पाहतो. त्याने नकाराचा शोध लावला नाही, तो कागदावर उतरवला. कागद लवकरच बाहेर आला, सगळ्यांनी वाचला, आणि त्यावर भांडता येऊ लागलं. गुपचूप नकाराविरुद्ध मत देता येत नाही. जाहीर नकाराविरुद्ध देता येतं.

मात्र विरोधकांच्या म्हणण्यात एक जुना आणि वजनदार मुद्दा आहे, आणि मालिका त्याला पुरेशी जागा देत नाही. इंग्लंडचा दुसरा जेम्स हा राजा आपल्याला न पटणारे कायदे स्थगित करायचा. धर्माच्या बाबतीतले ते कायदे आजच्या नजरेने पाहिले तर अन्यायाचेच होते. तरीही संसदेने १६८९च्या हक्कांच्या सनदेत लिहून टाकलं की संसदेच्या संमतीवाचून कायदा स्थगित करण्याचा अधिकार राजाला नाही. कायदा वाईट होता, म्हणून तो बाजूला ठेवणारा हात चांगला ठरत नाही. उद्या तोच हात चांगला कायदाही बाजूला ठेवील.

मग ‘या फाईलवर खटला नको’ आणि ‘या कायद्याखाली कुठलाच खटला नको’ यांतली रेषा कुठे?

फाशीचं प्रकरण

मालिकेतला सगळ्यात जड विषय फाशीचा आहे. रॉबर्ट विल्सन हा फिलाडेल्फियाचा पोलीस. मार्च २०१५मध्ये तो मुलासाठी भेट घ्यायला व्हिडिओ गेमच्या दुकानात गेला आणि तिथे शिरलेल्या दोन दरोडेखोर भावांशी झालेल्या गोळीबारात मारला गेला. क्रास्नरने प्रचारातच सांगितलं होतं की मी फाशी मागणार नाही. आता समोर पोलिसाचा खून, पोलीस संघटना खवळलेली, घरच्यांपैकी काही जण संतापलेले. जून २०१८मध्ये दोघांनी गुन्हा कबूल केला आणि त्यांना मरेपर्यंत तुरुंगवास झाला, पॅरोलची सोय नाही. फाशी टळली.

इथे मी क्रास्नरच्याच बाजूचा होतो. फाशी मलाही पटत नाही. पण बैठकीची दृश्यं पाहताना मन खात राहिलं. उत्तर आधीच ठरलेलं असेल, तर ही चर्चा कसली?

नेमका हाच प्रश्न त्याच सुमारास फ्लोरिडात कोर्टापुढे आला होता. मालिकेच्या सोबतीला ते प्रकरण ठेवून पाहिलं की चित्र स्वच्छ होतं. ऑर्लँडोची अ‍ॅरामिस आयाला ही फ्लोरिडात त्या पदावर निवडून आलेली पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती. मार्च २०१७मध्ये तिने जाहीर केलं की मी कुठल्याच प्रकरणात फाशी मागणार नाही. समोर प्रकरण होतं गरोदर मैत्रिणीच्या आणि नंतर एका महिला पोलीस अधिकाऱ्याच्या खुनाचं. गव्हर्नर रिक स्कॉटने खुनाची दोन डझनांच्या आसपास प्रकरणं तिच्याकडून काढून दुसऱ्या वकिलाला दिली. ती कोर्टात गेली आणि ऑगस्टमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात ५ विरुद्ध २ मतांनी हरली. बहुमताचा मुद्दा थोडक्यात असा, की तारतम्य म्हणजे प्रत्येक प्रकरण पाहून ठरवणं. सगळ्यांना एकच उत्तर आधीच देऊन ठेवणं हे तारतम्य वापरणं नव्हे, वापरायला नकार देणं आहे.

मला हा निकाल आवडत नाही, पण हे वाक्य खोडताही येत नाही. शिवाय आणखी एक फरक आहे. क्रास्नरने आपली भूमिका मत मागताना सांगितली होती. आयालाने प्रचारात हा मुद्दा मांडलाच नव्हता. लोकांनी ज्यावर मत दिलं नाही, त्याला लोकांचा कौल कसं म्हणणार?

पण लोक म्हणजे कोण?

मालिकेचा कॅमेरा बहुतेक वेळ कचेरीत आणि शहरात असतो. खरं भांडण शहर आणि राज्य यांच्यात आहे. गांजाचंच घ्या. २०१४मध्येच फिलाडेल्फियाच्या नगरपरिषदेने थोडा गांजा बाळगण्याला २५ डॉलर दंडावर आणून ठेवलं होतं. राज्याच्या कायद्यात तो गुन्हाच राहिला. कायदा हॅरिसबर्गला, राज्याच्या राजधानीत बनतो. राबवणारा फिलाडेल्फियात निवडून येतो. दोघांकडेही लोकांचा कौल आहे. फक्त लोक वेगळे आहेत.

मालिका आली त्यानंतरची गोष्ट तर पाहण्यासारखी आहे. २०२१ साली फिलाडेल्फियात ५६२ खून झाले. शहराच्या नोंदीतला हा उच्चांक. विरोधकांना पुरावा मिळाला. पण २०२०मध्ये अमेरिकाभर खून जवळजवळ ३० टक्क्यांनी वाढले होते, कडक सरकारी वकील होते त्या गावांतही. आणि २०२४ साली फिलाडेल्फियातले खून २६९वर आले, तेव्हाही खुर्चीत क्रास्नरच होता. त्याच्यामुळे वाढले म्हणणारे त्याच्यामुळे कमी झाले असं म्हणत नाहीत. त्याचे चाहते उलट करतात.

मतदार काय म्हणाले? २०२१च्या मे महिन्यात, खून वाढत असताना, पक्षांतर्गत निवडणुकीत क्रास्नरला सुमारे दोन तृतीयांश मतं मिळाली. गोळीबाराची झळ सगळ्यात जास्त सोसणाऱ्या कृष्णवर्णीय वस्त्यांनी त्याला भरभरून मत दिलं. पुढच्याच वर्षी राज्याच्या प्रतिनिधिगृहाने १०७ विरुद्ध ८५ मतांनी त्याच्यावर महाभियोग मंजूर केला. तो पुढे कोर्टात बारगळला आणि २०२५मध्ये क्रास्नर तिसऱ्यांदा निवडून आला.

फ्लोरिडात याहून पुढची पायरी गाठली गेली. गर्भपाताचे खटले भरणार नाही अशा निवेदनावर सही केली म्हणून गव्हर्नर डिसँटिसने ऑगस्ट २०२२मध्ये टँपाच्या अँड्र्यू वॉरनला निलंबित केलं. २०२३मध्ये आयालाची वारसदार मोनीक वॉरेल हिलाही, वेगळ्या कारणांनी, घरी बसवलं. २०२४मध्ये दोघं पुन्हा मतदारांपुढे गेले. वॉरन हरला, वॉरेल जिंकली. माझ्या दृष्टीने या दोन्ही निकालांत उत्तराचा एक तुकडा आहे. जाहीर नकाराचा हिशेब मतदाराने घ्यावा. गव्हर्नरने मधेच येऊन पाटी पुसावी, हे बरं नाही.

आपल्या नावडत्या माणसावर घासून पाहा

कुठलंही तत्त्व खरं की खोटं, हे ते आपल्या नावडत्या माणसावर घासून पाहिल्याशिवाय कळत नाही. वॉशिंग्टन राज्यात २०१८मध्ये मतदारांनी थेट मतदानाने बंदुकांवरचे निर्बंध कडक केले. त्यानंतर तिथल्या अनेक निवडून आलेल्या शेरीफांनी सांगितलं, आम्ही हे राबवणार नाही. क्रास्नरला टाळ्या वाजवणाऱ्यांनी यांना काय म्हणायचं?

त्याच्याही मागे जा. दक्षिणेतल्या राज्यांत कृष्णवर्णीयांना झाडाला लटकवणाऱ्या जमावावर खटले भरले गेले नाहीत, तेव्हाही तिथले सरकारी वकील लोकांनीच निवडलेले होते. ‘लोक’ म्हणजे फक्त गोरे, कारण बाकीच्यांना मत देऊच दिलं जात नव्हतं. खुनाचा कायदा होता. तो राबवायला नकार होता. नकार देणाऱ्या हाताची ही वंशावळ आहे, आणि ‘फिली डी.ए.’सारख्या मालिकेने ती डोळ्यांआड करू नये.

म्हणून मी माझ्यापुरत्या तीन कसोट्या धरल्या आहेत. नकार मत मागतानाच सांगितलेला असावा आणि लिहून ठेवलेला असावा. त्यात एखाद्या वेगळ्या प्रकरणासाठी दार उघडं असावं. आणि ज्याचं नुकसान होतं, त्याला मतपेटीत किंवा कोर्टात उत्तर देता यावं. क्रास्नरचं टिपण पहिल्या आणि तिसऱ्या कसोटीला उतरतं. दुकानातल्या चोरीत त्याने दार किलकिलं ठेवलंय, गांजात आणि फाशीत बंद केलंय. शेरीफांनी आपला नकार उघडपणे सांगितला, एवढं मानावं लागतं. पण ज्या मतदारांनी कायदा केला, त्यांनाच ते नाकारत होते. दक्षिणेतला तो जुना सरकारी वकील तिसऱ्या कसोटीवर कोसळतो, कारण ज्याचं माणूस मेलं, त्याला मतच नव्हतं.

मालिका पाहिल्यावर क्रास्नर लक्षात राहतो. चिडका, हुशार, स्वतःच्या बरोबर असण्याविषयी जरा जास्तच खात्री असलेला. माझ्या लक्षात मात्र ते टेबल राहिलं. अशी टेबलं प्रत्येक गावात असतात, आपल्याही. तिथे रोज कुणाला तरी ‘जाऊ दे’ म्हटलं जातं आणि कुणाला तरी नाही. फिलाडेल्फियाच्या लोकांना निदान ते कोणत्या नियमाने म्हटलं जातं हे वाचायला मिळालं, आणि ते आवडलं की नाही हे सांगायला दर चार वर्षांनी एक दिवसही.