वलूरकाचे शिलालेख आणि संज्ञापनाची प्रमेये

मानवी संज्ञापनाविषयी विसाव्या शतकात पाश्चात्त्य विद्वानांनी मांडलेली प्रमेये आपल्याकडे प्रमाण मानून शिकविली जातात. आपल्या सांस्कृतिक वारशाला ती कितपत लागू पडतात, याची तपासणी मात्र क्वचितच होते. लोणावळ्याजवळील कार्ले लेणीतील, म्हणजेच प्राचीन वलूरकातील, शिलालेखांच्या आधारे ती येथे करू.

कोण, काय, कोणत्या माध्यमातून, कोणाला सांगतो आणि त्याचा परिणाम काय होतो, या पाच प्रश्नांत हॅरॉल्ड लासवेल यांनी १९४८ मध्ये संज्ञापन बसविले. त्याच वर्षी क्लॉड शॅनन यांनी प्रेषक, संदेश, ग्राहक आणि वाटेतील व्यत्यय यांचे गणिती प्रारूप मांडले. ते मूलतः तारायंत्र व दूरध्वनीच्या अभियांत्रिकीसाठी होते. पुढे मानवी व्यवहारालाही लावले गेले.

कार्ल्याच्या एका लेखाला हे प्रारूप चपखल बसते. वलूरकाच्या लेण्यांतील भिक्खूंना करजक गाव द्यावे, अशी सातवाहन राजाची आज्ञा मामाल येथील अमात्याला झालेली आहे. हे मामाल म्हणजेच मावळ, असे अभ्यासक मानतात. आज्ञा देणारा, ती पाळणारा आणि तिचा परिणाम, सर्व काही येथे स्पष्ट आहे. राजसत्तेचे संज्ञापन असेच असते.

परंतु चैत्यगृहातील दानलेखांचे काय? वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल, धेनुकाकटचा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी सिंहदत्त, तेथीलच सुतार सामी आणि स्तंभदान करणारे यवन, यांची नावे एकाच वास्तूत कोरली आहेत. हे लेख कोणा एका ग्राहकाला उद्देशून नाहीत. जेम्स केरी यांनी १९७५ मध्ये संज्ञापनाकडे समूहाला एकत्र बांधणारा विधी म्हणून पाहिले. ती दृष्टी येथे अधिक उपयोगी पडते. तरीही आमचा एक आक्षेप उरतो. विधीत कोण सामील झाले हे पाहताना कोण वगळले गेले, हा प्रश्न मागे पडतो. ज्यांच्याकडे देण्यासारखे होते, त्यांची नावे राहिली. डोंगर फोडणाऱ्या बहुतेक हातांची राहिली नाहीत.

येथील एका स्तंभाचा दाता सोपाऱ्याचा सातिमित नावाचा भाणक आहे. भाणक म्हणजे बुद्धवचन मुखोद्गत करून त्याचे पठण करणारा. हा उल्लेख आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. धम्माचे खरे माध्यम पाषाण नव्हता, माणूस होता. भाणकांची परंपरा येथून लोपली, लिपीचे ज्ञानही लोपले आणि अक्षरे जागेवर असूनही लेख मुके झाले. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मी लिपी उलगडली, तेव्हा त्यांना पुन्हा वाचा फुटली. शॅनन यांचा 'व्यत्यय' या मौनाचा उलगडा करू शकत नाही. येथे माध्यम शाबूत होते. वाचणारा समाज नाहीसा झाला होता.

तथागतांनी हा धोका ओळखला होता, असे आम्हांस वाटते. बुद्धवचन छंदस् मध्ये बांधण्याची सूचना त्यांनी नाकारली आणि ते 'सकाय निरुत्तिया' शिकण्याची अनुज्ञा दिली, असे चुल्लवग्गात नमूद आहे. आचार्य बुद्धघोषांनी याचा अर्थ तथागतांची मागधी असा केला. अनेक आधुनिक अभ्यासक 'ज्याची त्याची भाषा' असा करतात. कार्ल्याचे दानलेख या प्रदेशातील लोकांच्या प्राकृतात आहेत. त्यामुळे शब्दार्थाचा वाद मिटत नाही. पण धम्माच्या अनुयायांचा आचार कोणत्या बाजूचा होता, हे दिसते.

याच पुणे-लोणावळा लोहमार्गावरील देहूरोड येथे २५ डिसेंबर १९५४ रोजी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. तुटलेली साखळी जोडण्याचेच ते कार्य होते. ती साखळी टिकवायची, तर लेण्यांना भेट देऊन भागणार नाही. आपल्या विहारांतून ब्राह्मी लिपी आणि पालि भाषा शिकविली गेली पाहिजे. सुताराचे नाव दोन हजार वर्षे दगडावर टिकले. ते वाचणारे उपासक-उपासिका घडविणे आता आपल्या हाती आहे.