पदग्रहणाचे भाषण आणि टाळ्यांची जागा

वक्तृत्वाची समीक्षा बहुधा छापील संहितेपाशी थांबते. श्रोत्यांचा प्रतिसाद तिला आनुषंगिक वाटतो. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे ४ मार्च १९३३ रोजीचे पदग्रहणाचे भाषण या दृष्टीने तपासण्याजोगे आहे. त्यातील भीतीविषयीचे विधान आज सुभाषितासारखे उद्धृत होते. प्रत्यक्ष समारंभात मात्र सर्वाधिक टाळ्या पडल्या त्या निराळ्या विधानाला. काँग्रेसने योग्य मार्ग न स्वीकारल्यास, परकीय आक्रमणाच्या वेळी मिळावेत तसे व्यापक अधिकार आपण या संकटाशी लढण्यासाठी मागू, असे रूझवेल्ट यांनी त्यात सांगितले होते. जमावाच्या या मनःस्थितीचे एलिनॉर रूझवेल्ट यांना काहीसे भयच वाटले.

बँका बंद पडलेल्या, लक्षावधी लोक बेकार. अशा समाजाचे अपेक्षाक्षितिज (ही संज्ञा हान्स रॉबर्ट याउस यांची) धीराच्या शब्दापेक्षा खंबीर आज्ञेकडे झुकलेले होते. संकट ओसरल्यावर परंपरेने धीराचे वाक्य जपले आणि टाळ्यांचे वाक्य मागे टाकले. या निवडीत मोठी सोय आहे. लोकशाहीतील नागरिक स्वतःहून सत्ता हवाली करण्यास उत्सुक होते, ही अडचणीची स्मृती सुभाषिताआड झाकली जाते.

अशा भाषणांच्या समीक्षेला म्हणूनच शब्दांबरोबर टाळ्यांची जागाही वाचावी लागेल. ती जागा वक्त्याइतकीच, किंबहुना अधिक, श्रोत्यांविषयी बोलते.