वाढीचं नाव, संप्रेरकाचा कारभार

मंडळी, नौपाड्यातल्या आजच्या व्याख्यानात आमची तक्रार एका नावाबद्दल आहे. ‘ग्रोथ फॅक्टर’ म्हटलं की डोळ्यांसमोर वाढणारी गाठ येते. ईजीएफ हा असाच एक. त्याच्या शोधासाठी स्टॅन्ली कोहेन यांना १९८६ साली नोबेल मिळालं, आणि त्याचा रिसेप्टर, ईजीएफआर, पुढे कॅन्सरच्या औषधांमुळे गाजला. पिट्युटरीत मात्र हे नाव दिशाभूल करतं, असं आमचं मत आहे.

कुशिंग डिसीज घ्या. परळच्या केईएमचा एंडोक्रायनॉलॉजी विभाग असे रुग्ण वर्षानुवर्षं पाहतोय. चेहरा गोल, पोटावर जांभळे पट्टे, रक्तदाब, साखर. आणि घरचे म्हणतात, जरा कमी जेव! कारण असतं पिट्युटरीतली गाठ, बहुतेकदा १० मिलिमीटरहूनही लहान, कधी एमआरआयवरही न दिसणारी. ती एसीटीएच सोडत राहते, त्यामुळे कॉर्टिसॉल चढतं.

२०१५ मध्ये या गाठींत यूएसपी८ जनुकातले बदल सापडले. एरवी काय होतं, की काम झालेला ईजीएफआर पेशी आत ओढते, त्याला युबिक्विटिनची चिठ्ठी लावते आणि भंगारात काढते. यूएसपी८ ती चिठ्ठी सोडवतं. ते अति कामसू झालं की भंगारातला रिसेप्टर परत पृष्ठभागावर! सिग्नल चालूच, एसीटीएचही चालूच.

आता गंमत बघा. त्या वर्षीच्या चिनी अभ्यासात असा बदल असलेल्या गाठी आकाराने लहान निघाल्या, पण एसीटीएच जास्त बनवणाऱ्या.

मग औषधाची परीक्षा कशावर घ्यायची? २०११ च्या प्रयोगात जेफिटिनिबने उंदरांत गाठही आटली, हॉर्मोनही उतरलं. ठीक. पण दाद न देणाऱ्या प्रोलॅक्टिनोमावर लॅपॅटिनिब वापरून पाहिलं, तेव्हा मुख्य कसोटी गाठीचं माप हीच होती. रुग्ण मोजकेच, कसोटीला कुणीच उतरलं नाही. तिथे माप घेणं आम्हाला मान्य आहे. ती गाठ डोळ्यांच्या नसेवर दाबते. कुशिंगला तीच फूटपट्टी लावली तर चांगलं औषधही नापास होईल. तिथे आधी कॉर्टिसॉल मोजा.

आणखी एक अडचण. हा बदल सहसा फक्त गाठीतच असतो, रक्ततपासणीत कळत नाही. नाकावाटे काढलेला तो कणभर तुकडा पॅथॉलॉजीतच संपला, तर विचारायचं कुणाला?