बेरीज जुळली म्हणून हिशोब बरोबर नसतो : 'केपीपी' पेपर कसा वाचावा

भोरचं भाटघर आणि नीरा-देवघर, वेल्ह्याचं पानशेत आणि गुंजवणी ही सगळी धरणं जून ते सप्टेंबरच्या पावसावर भरतात. त्या पावसाची वाफ मुख्यतः अरबी समुद्रावरून येते. म्हणून समुद्राचं मॉडेल हा विषय वाटतो तेवढा आपल्यापासून लांबचा नाही. २०१२ साली सुरू झालेल्या 'मान्सून मिशन'मध्ये पुण्याच्या आयआयटीएमने हंगामी अंदाजासाठी अमेरिकेचं सीएफएस-व्ही२ मॉडेल घेतलं आणि सुधारलं. त्यातलं समुद्राच्या घुसळणीचं गणित एका जुन्या पेपरवर उभं आहे : लार्ज, मॅकविल्यम्स आणि डोनी, १९९४, 'रिव्ह्यूज ऑफ जिओफिजिक्स'. त्यातल्या पद्धतीला सगळे 'केपीपी' म्हणतात. समुद्र-मॉडेलिंगमध्ये पीएचडी करायची असेल, तर हा पेपर वाचावाच लागेल. पण कसा वाचायचा?

आधी अडचण काय ते बघू. मॉडेलमधली समुद्राची एक चौकट पंचवीस ते पन्नास किलोमीटरची, आणि पाणी घुसळणारे भोवरे काही सेंटिमीटर ते काही मीटरचे. ते मॉडेलला दिसणारच नाहीत. त्यांचा एकूण परिणाम सूत्राने घालावा लागतो. यालाच पॅरामिटरायझेशन म्हणतात.

केपीपीची कल्पना सुंदर आहे. घनतेतला फरक पाण्याचे थर टिकवतो, वेगातला फरक ते मोडतो. या दोघांचं गुणोत्तर म्हणजे रिचर्डसन अंक. पृष्ठभागापासून खाली जाताना तो साधारण ०.३ झाला, की घुसळलेला थर तिथे संपला असं धरायचं. त्याखाली वेगळे नियम. थंड होऊन जड झालेलं पाणी थेट खाली बुडतं, हेही त्यांनी हिशोबात घेतलं. एवढं सगळं एका चौकटीत बसवणं हे मोठं काम आहे.

आता मर्यादा. ही पद्धत तपासली ती उत्तर पॅसिफिकमधल्या 'पापा' केंद्रासारख्या खुल्या समुद्रातल्या नोंदींवर. आपला बंगालचा उपसागर तसा नाही. गंगा-ब्रह्मपुत्रेचं गोडं पाणी तिथे वर हलका थर करून बसतं. हिवाळ्यात तर कधीकधी वरचं पाणी थंड आणि खालचं उबदार असतं. तिथे घुसळण वाढली की पृष्ठभाग तापतो. उलट जून-जुलैत अरबी समुद्रात घुसळण वाढली की पृष्ठभाग गार होतो. म्हणजे एकच आकडा बदलला, तर दोन समुद्रांत परिणाम उलटा! त्यात सीएफएस-व्ही२ मध्ये वरचे थर दहा-दहा मीटरचे. त्याहून पातळ गोडं पाणी मॉडेलला वेगळं दिसतच नाही.

यात पेपरचा दोष नाही. माझा आक्षेप तो वापरणाऱ्यांवर आहे. अनेक अभ्यासांत पृष्ठभागाच्या तापमानाचा नकाशा जुळला, की 'मॉडेल चांगलं' असा शेरा मिळतो. पण ते तापमान ही शेवटची बेरीज आहे : ऊन, बाष्पीभवन, प्रवाह, घुसळण. मॉडेलमधला वारा कमी असेल आणि घुसळण जास्त, तर दोन चुका एकमेकींना झाकतात. पुढच्या वर्षी वारा वेगळा वागला, की झाकण उडतं. सीएफएस-व्ही२ हिंदी महासागर थंड दाखवतं आणि भारताच्या भूभागावर पाऊस कमी, हे माहीत आहे. तो थंडपणा घालवायला कुणी घुसळणीचा आकडा कमी केला, तर आजार बरा झाला की नुसता ताप उतरला? दोष ढगांत असेल तर?

समुद्र अगदी बरोबर आला तरी पुढचा प्रश्न राहतोच. या मॉडेलच्या सुधारित आवृत्तीत हवेची चौकट सुमारे ३८ किलोमीटरची आहे. वेल्हे आणि भोर तालुके अशा दोन-तीन चौकटींत संपतात. घाटमाथ्यावरून भोरच्या पूर्वेकडे येताना पाऊस झपाट्याने घटतो, आणि मॉडेल एका चौकटीला एकच आकडा देतं. त्यामुळे घुसळणीवरच्या प्रबंधाच्या शेवटी 'शेतकऱ्यांना उपयुक्त' असं लिहिण्याआधी थांबा. कुठल्या शेतकऱ्याला, ते सांगता येतंय का?

तर पेपर वाचताना तीन गोष्टी विचारा. स्थिरांक कुठल्या समुद्रावर तपासले? निकाल फक्त पृष्ठभागावर जुळतो, की आर्गो फ्लोटने मोजलेल्या खोलीतल्या तापमानाशी आणि क्षारतेशीही? आणि एक चूक दुरुस्त केली, तर दुसरी उघडी पडते का? तिसऱ्याचं उत्तर 'हो' आलं तर घाबरू नका. आधी झाकलेलं काहीतरी तुम्हाला दिसलंय. खरं काम तिथून सुरू होतं.